ब्रह्मानंतरची जोडी : ब्लिझार्ड अ‍ॅनॉमली ८८

फोंड्याच्या आमच्या घरात माळ्यावर दोन लांबट वस्तू शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात : चवथीला गणपतीच्या वर बांधायची माटोळीची लाकडी चौकट आणि माझी स्कीची पिशवी. चौकट उतरवायची वेळ आली की पिशवीही खाली येते आणि पावसाने पोलादी कडांचे काय केले आहे ते मी पाहून घेतो. २०२४ च्या चवथीआधी पिशवी उघडली तेव्हा कडांवर नेहमीची नारिंगी रेघ होतीच, पण डाव्या स्कीच्या आतल्या बाजूला, टाचेच्या थोडे मागे, वरचा थर फुगून आलेला दिसला. अंगठ्याने दाबून पाहिले तर तो ओल्या पुठ्ठ्यासारखा आत गेला आणि भिजलेल्या लाकडाचा वास आला. ही जोडी आता पुन्हा बर्फावर जाणार नाही, हे तिथेच कळले.

दुखणे त्याच वर्षीच्या फेब्रुवारीतले होते. त्या जानेवारीत गुलमर्गची मैदाने बर्फाविना कोरडी पडली होती, आणि महिन्याच्या शेवटी बर्फ आला तो थेट उघड्या जमिनीवर. एरवी डिसेंबरपासून एकावर एक बसलेल्या थरांखाली दगड खोल गाडलेले असतात. त्या वर्षी ते वीतभर बर्फाखाली दबा धरून होते. गोंडोला या रोपवेच्या पहिल्या टप्प्यावरच्या कोंगदूरीच्या खालच्या उतारावर वळण घेताना अशाच एका दगडावर डावी स्की घासली, तळाला खोल चीर पडली आणि बोटभर लांबीची पोलादी कड मुळापासून उखडली. तळाची चीर मेणासारखे वितळणारे प्लास्टिक भरून बुजवता येते, परंतु उखडलेली कड पुन्हा पहिल्यासारखी बसत नाही आणि तिथून ओल आतल्या लाकडापर्यंत पोहोचते. मी त्यात इपॉक्सी हे वाळून कडक होणारे चिकटद्रव्य भरून ठेवले होते. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गोव्यात त्या इपॉक्सीचा चार महिने टिकाव लागला नाही.

ती जोडी ब्लिझार्ड कंपनीची ‘ब्रह्मा’ होती, २०१४ मध्ये घेतलेली, १७३ सेंटिमीटर लांबीची आणि पायाखाली ८८ मिलिमीटर रुंदीची. ब्लिझार्ड ही ऑस्ट्रियातल्या मिटरझिल गावची कंपनी आहे. सत्तरी तालुक्यातल्या ब्रह्माकरमळीला ब्रह्मदेवाच्या दर्शनाला आम्ही लहानपणापासून जात आलो असल्याने ते नाव आमच्या घरात पहिल्या दिवसापासून आदराने घेतले गेले, आणि दसऱ्याला आईने ती जोडी अवजारांच्या पूजेत मांडली. दोन हिवाळे सोडले तर दरवर्षी बारा-चौदा दिवस मी तिच्यावर काढले. गुलमर्गच्या सरकारी स्कीइंग व गिर्यारोहण संस्थेत मी शिकलो ते वेगळ्याच, अरुंद आणि जुन्या जोडीवर. पण उतारावर भीती न बाळगता उभे राहायला मला शिकवले ते ब्रह्मानेच. तिच्या लाकडी गाभ्याच्या वर आणि खाली टायटॅनल या धातूचे पत्रे होते. नावावरून टायटॅनियम वाटावे असा तो धातू प्रत्यक्षात अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू आहे, आणि त्याचे काम थरथर शोषून घेण्याचे. सकाळी कडक झालेल्या, खडबडीत बर्फावरून वेगाने जाताना पायाला जे स्थैर्य जाणवे ते त्या पत्र्यांचे होते.

आता नवी जोडी शोधताना पहिली अडचण ही की, ब्रह्मा या नावाची स्की आता बनतच नाही. २०२४-२५ च्या हंगामात कंपनीने ब्रह्मा आणि तिची रुंद बहीण बोनाफाइड, दोन्ही बंद करून त्यांच्या जागी ‘अ‍ॅनॉमली’ ही मालिका आणली, ८४, ८८, ९४ आणि १०२ मिलिमीटर रुंदीची. दुसरी अडचण अशी की गोव्यात स्की पाहायला, हातात धरायला किंवा पायाला लावून बघायला एकही जागा नाही. तिसरी अडचण माझी स्वतःची होती. म्यूनिखला राहणारा माझा मावसभाऊ फोनवर म्हणाला, “दादा, तू नवी स्की शोधतच नाहीस, तू जुनी परत मागतो आहेस.” त्याचे बरोबर होते. मी कागदावर आकडे मांडून ब्रह्माच्या सर्वांत जवळ जाणारी स्की शोधत होतो, आणि एखादा आकडा थोडा जरी हलला तरी त्या स्कीवर काट मारत होतो.

म्हणून मी आकडे बाजूला ठेवले आणि माझे गुलमर्गचे दिवस आठवून पाहिले. गुलमर्ग म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर अफरवट शिखरावरची पावडर, म्हणजे ताजा भुसभुशीत बर्फ, येते, आणि तिथे जाणाऱ्या प्रत्येकाला १०५ किंवा ११० मिलिमीटरची रुंद स्की घ्यायला सांगितले जाते. रुंद स्की मऊ, खोल बर्फावर तरंगते हे खरेच आहे. पण बारा दिवसांपैकी माझ्या वाट्याला तशी पावडर दोन किंवा तीन दिवस येते. उरलेल्या दिवसांत सकाळचा कडक बर्फ असतो, इतरांच्या रेघांनी चिरलेला दुपारचा बर्फ असतो, उन्हाने भिजलेला जड बर्फ असतो, आणि शेवटी देवदारांमधून बाबा रेशी किंवा टंगमर्गकडे उतरणारी अरुंद वाट असते, जिथे झाडांच्या मध्ये पटकन वळता येणे हीच खरी गरज असते. स्की जितकी रुंद तितकी तिची कड पायाच्या मध्यापासून दूर जाते, एका कडेवरून दुसऱ्या कडेवर यायला जास्त वेळ लागतो आणि कडक बर्फावर गुडघ्याला बाजूने ताण बसतो. माझ्या पन्नाशीच्या गुडघ्यांना हे दोन दिवसांत कळते. तेव्हा रुंदी ८५ ते ९५ मिलिमीटरच्या आतच ठेवायची, हे मी ठरवले, आणि त्या निर्णयाबद्दल मला आजही शंका नाही.

आकड्यांइतकाच आणखी एका गोष्टीवर माझा विश्वास उडाला होता, तो म्हणजे भाड्याच्या स्कीवरून काढलेल्या निष्कर्षांवर. ब्रह्मा मोडल्यावर उरलेले चार दिवस मी गुलमर्गच्या एका दुकानातून जोडी भाड्याने घेतली होती. कडांवरून नख फिरवले तर खरवड निघत नव्हती, इतक्या त्या बोथट होत्या. तळ राखाडी आणि कोरडा पडला होता. आणि दुकानदाराने माझे वजन न विचारताच बाइंडिंगचा, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या आणि पडल्यावर सोडणाऱ्या खटक्याचा, स्क्रू फिरवून दिला होता. ती स्की कडक बर्फावर साबणासारखी घसरली. ते मॉडेल मी मनातल्या मनात यादीतून काढून टाकले होते, आणि दहा महिन्यांनी तेच मॉडेल धार लावलेल्या, मेण दिलेल्या अवस्थेत वापरले तेव्हा ते चांगले निघाले. स्की पारखायची तर आधी तिच्या कडा पाहाव्यात आणि मगच तिच्याबद्दल मत बनवावे, हे मी त्या चार दिवसांची किंमत मोजून शिकलो.

डिसेंबर २०२४ मध्ये मी भावाकडे गेलो आणि आम्ही दोघे इन्सब्रुकजवळच्या श्टुबाई हिमनदीवर तीन दिवस राहिलो. तिथल्या लिफ्ट ३,२०० मीटरच्या वर जातात, त्यामुळे डिसेंबरातही वरचा बर्फ कोरडा आणि खालचा कडक, असे दोन्ही प्रकार एकाच उतारावर मिळाले. चाचणीसाठी स्की देणाऱ्या दुकानातून मी चार मॉडेल्स आळीपाळीने घेतली आणि चारही जोड्या एकाच उतारावर, शक्यतो एकाच वेळेला, वापरून पाहिल्या.

फोल्कल मँट्रा ही ९६ मिलिमीटरची, म्हणजे माझ्या मर्यादेच्या किंचित बाहेरची, स्की मी आधी घेतली, कारण तिची ख्याती फार ऐकली होती. ती ख्याती खरी आहे. वेग वाढवत नेला तसतशी ती अधिक शांत होत गेली, आणि चिरलेल्या बर्फातून तिने मला नांगरासारखे सरळ नेले. पण ती वेग मागते, आणि मी दिवसातला अर्धा वेळ ज्या वेगाने उतरतो त्या वेगाला ती जागी होत नाही. ती चांगल्या स्कीयरची स्की आहे. माझ्या पायांना ती काकणभर मोठी. नॉर्डिका एन्फोर्सर ९४ वर मी फार थोडा वेळ होतो. ती माझ्या यादीत दुसरी आली. हेड कोरे ९३ उचलताक्षणी हलकी लागते, आणि चढ चालत जाणाऱ्याला ते वरदानच आहे, परंतु मी गोंडोल्याने वर जाणारा माणूस आहे आणि मला उतरताना वजन हवे असते.

अ‍ॅनॉमली ८८ मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. तिच्याबाबतीत लांबीचा प्रश्न आला. माझी ब्रह्मा १७३ ची होती. अ‍ॅनॉमली १७० ला मिळते आणि त्यानंतर थेट १७६ ला. तीन सेंटिमीटर कमी की तीन सेंटिमीटर जास्त, या प्रश्नावर मी घरी अनेक रात्री घालवल्या होत्या. बर्फावर तो अर्ध्या तासात सुटला. नव्या स्कीचे पुढचे आणि मागचे टोक बर्फापासून थोडे वर उचललेले असते, त्याला रॉकर म्हणतात; सपाट बर्फावर उभे राहिले तर कडेचा जो भाग प्रत्यक्ष टेकतो तो मापाच्या लांबीपेक्षा बराच कमी असतो. १७० वर मी पहिल्याच वळणात थोडा पुढे झुकलो तेव्हा टोक डगमगले आणि मला आधार शोधावा लागला. १७६ वर तो आधार होता. तिसऱ्या फेरीत, सावलीतल्या निळसर कडक पट्ट्यावर, मी डावीकडे वजन टाकले आणि कड बर्फात रुतल्याचा तो बारीक करकर आवाज आला. पाय थरथरला नाही, स्कीने वळण पूर्ण केले आणि शेवटी मला अलगद सोडले. ब्रह्मा वळणाच्या शेवटी सोडायला थोडा वेळ घेत असे, आणि दहा वर्षांत मला त्या विलंबाची इतकी सवय झाली होती की मी पुढच्या वळणाला उशिरा निघालो आणि जवळजवळ पडलोच. चूक माझी होती. संध्याकाळपर्यंत पाय तिच्या चालीला बसले.

हा फरक कुठून येतो, तेही सांगायला हवे. ब्रह्मामध्ये टायटॅनलचे पत्रे गाभ्यावर पसरलेले होते, त्यामुळे स्की पिळताना सगळीकडून सारखाच विरोध होई. अ‍ॅनॉमलीमध्ये कंपनीने धातूची मांडणी बदलली आहे : धातूच्या पट्ट्या दोन्ही कडांच्या वरून टोकापासून शेपटीपर्यंत धावतात आणि बाइंडिंगचे स्क्रू धरायला पायाखाली वेगळा तुकडा असतो. कडेवर धातू आहे म्हणून पकड राहते, आणि मधला भाग मोकळा आहे म्हणून स्की पिळायला, वळवायला सोपी जाते. माझ्या मते याचा खरा फायदा वेगवान उतारावर दिसत नाही, तो दुपारच्या चिरलेल्या बर्फात आणि झाडांमध्ये दिसतो, जिथे वळण मध्येच मोडून दुसरीकडे जावे लागते. ब्रह्माला तसे करायला लावले की मांड्या भरून येत. अ‍ॅनॉमली ते सहज करते.

ब्रह्माचे जड, घट्ट बसणे मात्र तिच्यात त्याच मापाने नाही. अगदी कडक, जवळजवळ बर्फाच्या लादीसारख्या उतारावर, पूर्ण वेगात, जुन्या जोडीवर जी निश्चिंती वाटे तिच्यापेक्षा इथे थोडी कमी वाटते. माझ्यासारख्याच्या वर्षातल्या बारा दिवसांत असा उतार आणि असा वेग किती मिनिटे येतो, याचा मी हिशेब केला, आणि मग ही देवाणघेवाण मला मान्य झाली. ज्याचे स्कीइंग प्रामुख्याने असल्या उतारांवर चालते त्याने ती मान्य करू नये.

तीन दिवसांच्या भाड्याची रक्कम दुकानाने खरेदीतून वजा केली, आणि बाइंडिंग तिथेच बसवून घेतले. या बाइंडिंगबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण नवी स्की घेताना जुने बाइंडिंग काढून नव्यावर लावण्याचा मोह अनेकांना होतो आणि मलाही झाला होता. माझे जुने बाइंडिंग फक्त सपाट, कडक तळाच्या जुन्या बुटांसाठी होते. माझे आताचे बूट ग्रिपवॉक तळाचे आहेत, म्हणजे चालायला सोपे, रबरी आणि किंचित वाकलेले. ग्रिपवॉक चालेल असे ज्यावर नमूद नाही त्या बाइंडिंगमध्ये असा बूट घातला तर तो आत जातो, खटकाही वाजतो, पण पडल्यावर सुटेल याची खात्री नसते, आणि बाइंडिंगचे खरे काम सुटण्याचेच आहे. शिवाय ब्रेकची रुंदी स्कीच्या रुंदीएवढी किंवा थोडी अधिक असावी लागते. फार रुंद ब्रेक वळताना बर्फाला लागतो. दुकानातल्या कारागिराने माझे वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि मी कसा स्की करतो, हे सारे विचारून तक्त्यावरून आकडा काढला. वयाची पन्नाशी ओलांडली की त्या तक्त्यात एक ओळ वर सरकून कमी आकडा धरतात, म्हणजे स्की थोडी लवकर सुटते. माझा आकडा या वेळी प्रथमच कमी झाला. मी काही बोललो नाही, पण तो आकडा मी पाठ करून ठेवला आहे, आणि यापुढे कोणाही दुकानदाराला न विचारता तो स्क्रू फिरवू देणार नाही. धातू असलेल्या स्कीला ४.१ मिलिमीटरचे भोक पाडतात, धातू नसलेल्या स्कीला ३.५ चे. इतक्या बारीक फरकाचे हे काम साच्याशिवाय, अंदाजाने करून घेऊ नये, मग आपला सुतार कितीही कसबी असो.

गोव्याच्या मोपा विमानतळावरून दिल्लीमार्गे श्रीनगरला जाताना वजनाचा हिशेब आधी करावा लागतो. बाइंडिंगसह ही जोडी सुमारे सहा किलोची भरते, बुटांचे चार किलो धरा, आणि देशांतर्गत विमानात बहुधा पंधरा किलोच सामान विनाशुल्क जाते. कपडे मी हातातल्या पिशवीत घेतो.

मार्च २०२५ च्या सुरुवातीला मी ती गुलमर्गला नेली. त्या हिवाळ्यातही बर्फ उशिरा आला. खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धाही त्यामुळे फेब्रुवारीतून मार्चमध्ये गेल्या. पण आम्ही पोहोचलो तेव्हा फेब्रुवारीअखेरचा ताजा बर्फ बसलेला होता. नेहमीच्या गाइडने गोंडोल्यात स्कीकडे पाहिले आणि हिंदीत विचारले, “सर, पुरानी जोड़ी कहाँ है?” त्याला सगळे सांगेपर्यंत आम्ही कोंगदूरी ओलांडून दुसऱ्या टप्प्याने जवळपास चार हजार मीटरवर पोहोचलो होतो. वरच्या मोकळ्या भागात गुडघाभर मऊ बर्फ होता, आणि तिथे ८८ ची मर्यादा दिसली : तरंगायला वेग लागतो, वेग कमी झाला की टोक आत जाते, आणि पावडरमध्ये सलग दिवस काढणाऱ्याला ९४ किंवा १०२ हीच योग्य. मी दोन फेऱ्यांनंतर खाली कोंगदूरीच्या मिश्र बर्फावर आलो, आणि तिथे या जोडीने माझे मन पूर्णपणे जिंकले. उन्हाने जड झालेला वरचा थर, खाली कडक सावली, मध्ये इतरांच्या रेघा, आणि या सगळ्यातून पायाला एकच एक चाल मिळत राहिली. तिसऱ्या दिवशी देवदारांमधून बाबा रेशीकडे उतरताना एका आडव्या पडलेल्या फांदीसमोर मी अर्ध्या स्कीच्या लांबीत वळलो. ब्रह्मावर मी तिथे थांबलो असतो, स्की उचलून बाजूला ठेवल्या असत्या आणि मग पुढे निघालो असतो.

पातळ बर्फाच्या दिवशी मात्र आता मी नवी जोडी काढत नाही. गाइडच्या सल्ल्याने गुलमर्गलाच एक जुनी जोडी घेऊन ठेवली आहे, तिच्या कडा मी स्वतः घासतो, आणि खडक दिसू लागले की तीच वापरतो.

गोव्यात किंवा किनाऱ्याच्या कोणत्याही दमट गावात राहून जे स्वतःची स्की बाळगतात त्यांच्यासाठी साठवणुकीची पद्धत सांगतो, कारण ब्रह्मा दगडाने मोडली आणि ओलीने मेली. घरी आल्यावर स्की पुसून दोन दिवस पंख्याखाली वाळवतो. कडांवरचा गंज असला तर खोडरबरासारख्या खडबडीत ठोकळ्याने घासून काढतो. मग तळावर आणि दोन्ही कडांवर गरम मेणाचा जाड थर देतो आणि तो खरवडत नाही; हंगामाच्या आधी, डिसेंबरातच तो काढतो. मेणासाठी छिद्रे नसलेली, ठराविक तापमान धरणारी स्कीची वेगळी इस्त्री मी भावाकडून मागवून घेतली. कपड्यांच्या वाफेच्या इस्त्रीत मेण जाते आणि तापमान एकसारखे राहत नाही. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो आणि जून ते सप्टेंबर त्या दर महिन्याला बदलतो. बंद पिशवीची चेन एका बाजूने चार बोटे उघडी ठेवतो.

या वर्षी चवथीला माटोळीची चौकट उतरवली तेव्हा नवी पिशवी उघडून मेणाच्या थरावरून बोट फिरवले. कड दिसत नव्हती, इतका तो थर जाड होता, आणि एका कोपऱ्यात नखाने मेण काढून पाहिले तर खाली पोलाद चकचकीत होते. तेवढी जागा पुन्हा मेणाने बुजवली आणि पिशवी माळ्यावर ठेवून दिली. जुनी ब्रह्मा तिच्या शेजारी आहे. दसऱ्याला आई दोन्ही जोड्या खाली आणायला सांगते.